दूध तोडावे की आटवावे?

मराठीत दूध थांबविण्यासाठी दोन क्रियापदे आहेत. गाय किंवा म्हैस आपण ‘आटवतो’. बाईचे अंगावरचे दूध मात्र ‘तोडतो’. आपोआप कमी झाले तर बाईचेही दूध ‘आटले’ असे म्हणतात. पण मुद्दाम थांबवायचे असेल, तर शब्द ‘तोडणे’ हाच. शब्दांतला हा फरक वागण्यातही उतरला आहे.

सांगलीजवळच्या माधवनगरहून पुण्याच्या दिशेने आगगाडी निघाली, की नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी अशी स्थानके लागतात. कृष्णाकाठचा हा सगळा पट्टा दुभत्या जनावरांचा. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा व्यवसाय सुरू केला, त्याला इथले दूध आणि दाराशी असलेली रेल्वे ही दोन्ही कारणे होती. या भागातील कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारा, गाभण म्हैस विण्याआधी दोन महिने कशी आटवतात. तो सांगेल, आधी खुराक कमी करायचा, पेंड बंद करायची. मग दोन वेळची धार एका वेळेवर आणायची, नंतर एक दिवसाआड काढायची आणि रोज कास चाचपून पाहायची. घाई केली तर जनावराला ‘दगडी’ होते, म्हणजे कासेला सूज येऊन ती दगडासारखी कठीण होते, हे त्याला पुस्तकात वाचावे लागत नाही.

त्याच घरातील सून मुलाचे दूध तोडते तेव्हा मात्र ते बहुधा एका दिवसात तोडले जाते. कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, कोरफडीचा कडू गर लावतात, किंवा मुलाला चार दिवस आजोळी पाठवून देतात. मूल रडते, त्याची समजूत घालायला सगळे घर झटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईच्या छातीत काय चालले आहे, हे मात्र कोणी फारसे विचारत नाही.

म्हशीबाबत जे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते बाईबाबत का वापरले गेले नाही? या प्रश्नाच्या उत्तरात विज्ञानाचा इतिहास आहे आणि कामगार स्त्रियांचाही. हे दोन इतिहास एकमेकांशेजारून कसे गेले, ते या लेखात पाहू.

गिरणीच्या दारात

आपल्याकडे हजारो स्त्रियांचे दूध एकाच कारणाने, एकाच वेळी अडवले गेले, ते मुंबईच्या कापडगिरण्यांत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या गिरण्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कोकण, सातारा, कोल्हापूर, सांगलीकडून आलेल्या कुटुंबांतील बायका सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. दिवस दहा-अकरा तासांचा. बाळंतपणानंतर जितके दिवस घरी, तितक्या दिवसांची मजुरी बुडे. म्हणून बाई शक्य तितक्या लवकर कामावर परते. तान्हे मूल चाळीतल्या एखाद्या म्हातारीकडे किंवा पाच-सहा वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे राही.

ते दिवसभर उपाशी मूल शांत कसे राहील? त्याला अफूची गोळी देत. तिला ‘बाळागोळी’ असे गोंडस नाव होते. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात कामगार स्त्रियांच्या १०० पैकी ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे म्हटले होते. अफूने मुलांचे काय होते यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू आईच्या शरीरात होती. सकाळी मूल पाजून निघालेल्या बाईची छाती दुपारपर्यंत भरून येई. यंत्रासमोर उभ्याने काम, लुगडे ओले, छातीत ठणका. संध्याकाळी घरी यावे तो मूल अफूच्या गुंगीत. ते नीट ओढून पीत नसे. म्हणजे दूध दिवसा कामामुळे तुंबे आणि रात्री अफूमुळे. काही आठवड्यांत ‘दूध आटले’ म्हणून वरचे दूध सुरू होई. अफूची गोळी मुलाला झोपवत होती आणि आईचे दूधही थांबवत होती. मात्र हे दोन धागे जोडण्याइतके शरीरशास्त्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

१९२८: एकाच वर्षातील दोन घटना

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात स्त्री-कामगारांना बाळंतपणाची भत्त्यासह विश्रांती देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मंडळाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्याआधी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात असे विधेयक आणले होते, पण ते फेटाळले गेले होते. मुंबईचा कायदा १९२९ साली झाला. देशातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्यानुसार प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास मनाई झाली.

हा कायदा मुंबई इलाख्याचा होता. माधवनगर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानी मुलखात होते आणि ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली १९४८ साली. तोपर्यंत संस्थानी मुलखातल्या बाईला हा कायदा आपोआप लागू नव्हता. माधवनगरलाही पुढे कॉटन मिल होती. आज ती बंद आहे.

त्याच १९२८ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे श्ट्रिकर आणि ग्रूटर या दोघांनी सशाच्या मादीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागाचा अर्क टोचल्यावर सशाच्या मादीला दूध आले. दूध निर्माण करण्याची आज्ञा डोक्यातून, रक्तावाटे येते याचा हा पुरावा होता. काही वर्षांनी अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी कबुतरांवर काम करून या द्रव्याला ‘प्रोलॅक्टिन’ हे नाव दिले. (कबुतराच्या पिलांना नर-मादी दोघेही अन्नपिशवीत तयार होणारे ‘दूध’ भरवतात, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे.) माणसात प्रोलॅक्टिन हे वेगळे संप्रेरक आहे, हे निर्विवाद ठरायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

आज मागे वळून पाहताना चार आठवड्यांची ती मुदत डोळ्यांत भरते. बाळंतपणानंतर साधारण महिन्याभरात आईचे दूध पूर्ण बसते. नेमके त्याच सुमाराला कायदा तिला पुन्हा दहा तासांच्या पाळीवर जाण्यास मोकळीक देत होता. कायदा करणाऱ्यांनी विचार केला तो प्रसूतीतून सावरणाऱ्या शरीराचा. प्रसूती संपली तरी दूध देणारे शरीर दर दोन-तीन तासांनी काही मागत असते, ही बाजू कायद्यात यायला अजून अवकाश होता.

पान्हा कोण चोरते?

धार काढताना अनोळखी माणूस गोठ्यात आला, कुत्रे भुंकले, की गाय ‘पान्हा चोरते’ असे आपण म्हणतो. जणू ती दूध मुद्दाम वर ओढून घेते. १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी या चोरीचा छडा लावला. त्यांनी गायीच्या कासेच्या एका बाजूला जाणाऱ्या चेतातंतू तोडल्या. तरीही पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला. याचा अर्थ पान्ह्याचा निरोप चेतांवाटे कासेपर्यंत येत नसून रक्तावाटे येतो. मग त्यांनी गायीला घाबरवले. तिच्या पाठीवर मांजर ठेवले, कानाशी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा आला नाही. घाबरलेल्या शरीरात स्रवणारे अॅड्रेनॅलिन नुसते टोचले, तरीही तसेच झाले.

रक्तातून येणारा तो निरोप म्हणजे ऑक्सिटोसिन. दूध लहान लहान कूपिकांत, म्हणजे द्राक्षाच्या घडासारख्या पोकळ पिशव्यांत, साठलेले असते. प्रत्येक पिशवीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन पोहोचले की ही जाळी पिशवी पिळते आणि दूध नळ्यांत उतरते. तेव्हा दुधाची निर्मिती आणि दुधाचे उतरणे या दोन वेगळ्या क्रिया झाल्या. घाबरलेल्या गायीत दूध असतेच, ते उतरत नाही इतकेच.

१९४८ साली न्यूटन पती-पत्नींनी हेच एका स्तनदा मातेवर दाखवले. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून किंवा मनात किचकट हिशेब करायला लावून तिचे लक्ष उडवले, तेव्हा बाळाला मिळणारे दूध कमी झाले. ऑक्सिटोसिन टोचल्यावर ते पुन्हा नेहमीच्या पातळीजवळ आले. गिरणीच्या भोंग्याची धास्ती असलेल्या बाईचा पान्हा का लांबत असेल, याचे उत्तर या साध्या प्रयोगात आहे. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शेळीने सोडवलेले कोडे

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. दूध काढले नाही, तर ते बनायचे का थांबते? आज्ञा मेंदूतूनच येत असेल, तर दोन्ही बाजू एकदम थांबायला हव्यात. पण प्रत्येक गवळ्याला ठाऊक आहे, की एक सड आटला तरी बाकीचे दूध देत राहतात. बाळ एकाच बाजूला जास्त पीत असेल, तर आईच्या त्या बाजूचे दूध वाढते आणि दुसरीकडचे कमी होते.

१९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेत माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेळ्यांवर तपासले. शेळीला दोनच सड असतात, त्यामुळे एकाच प्राण्यात तुलना करता येते. एका बाजूची धार दोनऐवजी तीनदा काढली, तेव्हा फक्त त्याच बाजूचे दूध वाढले. कदाचित कास रिकामी झाल्याने दाब कमी होत असेल आणि म्हणून दूध वाढत असेल? ही शंका फेडण्यासाठी त्यांनी काढलेल्या दुधाइतकेच निरुपद्रवी द्रावण कासेत परत भरले. दाब पूर्ववत झाला, तरीही दूध वाढलेलेच राहिले. निष्कर्ष असा, की साठलेल्या दुधातच ‘आता पुरे’ असे पेशींना सांगणारे काही तरी असते. ते नेमके कोणते द्रव्य, यावर पुढे बरीच चर्चा झाली. २००० नंतरच्या संशोधनात स्तनग्रंथीतच तयार होणाऱ्या सेरोटोनिनचाही त्यात भाग असल्याचे दिसले.

इयत्ता दहावीला आपण ‘ऋण प्रतिसंभरण’ शिकवतो, तेव्हा इस्त्रीच्या तापनियंत्रकाचे उदाहरण देतो. आईचे दूध हे त्याहून जवळचे उदाहरण आहे. जितके काढाल तितके बनते. जितके साठेल तितके बनणे मंदावते. शेतकरी एक धार कमी करून थांबतो, पुन्हा एक कमी करतो, तो या नियंत्रणालाच हळूहळू खाली आणत असतो.

एकदम थांबवल्यावर

धार एकदम बंद केली तर काय होते? हे माणसात पाहणारा एक महत्त्वाचा अभ्यास १९७८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन आणि कुल्स्की यांनी केला. ज्या मातांनी पाजणे एकदम थांबवले, त्यांच्या छातीतील द्रवाचे नमुने पुढचे काही आठवडे घेऊन त्यांनी तपासले. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, उतरत गेली. सोडियम आणि क्लोराइड वाढत गेले. रोगप्रतिकारक प्रथिनांचे प्रमाणही वाढले.

याचा अर्थ लावणे अवघड नाही. दूध देणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, त्यामुळे रक्तातील मीठ दुधात येत नाही आणि दुधातील साखर रक्तात जात नाही. दूध तुंबले की ही चिकट जागा सैल होते. दूध खारट लागू लागते. काही मुले या काळात पुन्हा पाजले तर तोंड फिरवतात, त्याचे हे एक कारण असावे. वाढलेली रोगप्रतिकारक प्रथिने ही बंद पडत चाललेल्या ग्रंथीचे जंतूंपासून रक्षण करण्याची तजवीज समजता येते.

यापुढची पायरी उंदरांत उलगडली. १९७२ साली कर, वायली आणि करी यांनी पेशींच्या एका शिस्तबद्ध मृत्यूचे वर्णन करून त्याला ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. यात पेशी फुटत नाही. ती स्वतःला आवरते, तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. पिले अचानक काढून घेतलेल्या उंदरीच्या स्तनग्रंथीत याच रीतीने पेशी मरतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. १९९० च्या दशकात त्याचे दोन टप्पे स्पष्ट झाले. पहिले साधारण ४८ तास मोडणी सुरू होते, पण पिले परत आणली तर ग्रंथी पुन्हा दूध देऊ लागते. त्यानंतर पेशींना धरून ठेवणारा सांगाडा विरघळू लागतो, मोकळ्या जागी चरबी येते आणि मग परत फिरता येत नाही. काही प्रयोगांत उंदरीचा एकच सड बंद केला आणि बाकीच्यांवर पिले पीत राहिली. संप्रेरके रक्तात पुरेशी होती, तरी बंद केलेल्या ग्रंथीत मोडणी सुरू झाली. शेळीने सांगितलेलीच गोष्ट इथे पेशींच्या पातळीवर पुन्हा दिसली.

माणसात हा काळ बराच लांब असतो. इथे ४८ तास हा आकडा लावायचा नाही. बाईचे पाजणे बंद झाल्यावर छाती पूर्ववत व्हायला आठवडे लागतात, आणि बंद झालेले दूध प्रयत्नाने पुन्हा आणता येते, असे पुष्कळ वेळा घडते.

आईला काय जाणवते? पहिल्या एक-दोन दिवसांत छाती भरून कठीण होते, कातडी ताणून चकाकते, काखेपर्यंत ओढ लागते, कधी थोडा ताप येतो. दूध तुंबून गाठी होतात. तिथे सूज वाढली, जंतूंचा शिरकाव झाला, की स्तनदाह होतो. थंडी वाजून ताप, एका भागात लालसर कठीण पट्टा, तीव्र वेदना ही त्याची चिन्हे. दुर्लक्ष झाले तर पू होतो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. काही बायकांना या दिवसांत कारण नसताना रडू येते, उदास वाटते. संप्रेरके एकदम घसरण्याचा त्यात वाटा असू शकतो. याशिवाय पाजण्यामुळे लांबलेली पाळी परत येते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, हेही घरात कोणी सांगत नाही.

औषधाची घाई

दूध थांबविण्यासाठी जगभर औषधेही शोधली गेली. १९४० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत बाळंतिणीला स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन देत. १९६७ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी दाखवले, की त्यामुळे शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. मग प्रोलॅक्टिन दाबणारे ब्रोमोक्रिप्टीन आले. ते वापरणाऱ्या काही बाळंतिणींना झटके आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदी जमा झाल्या आणि १९९४-९५ मध्ये अमेरिकेत दूध थांबविण्यासाठीची त्याची परवानगी काढून घेतली गेली. आजही अशी औषधे आहेत, पण ती मूल दगावले किंवा तसेच वैद्यकीय कारण असले, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात.

याच काळातला एक भारतीय प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. दक्षिण भारतात दूध थांबविण्यासाठी छातीवर मोगऱ्याच्या फुलांच्या माळा बांधतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा उपाय ब्रोमोक्रिप्टीनशी ताडून पाहिला गेला. प्रोलॅक्टिन औषधाने अधिक उतरले, पण फुलांनीही उतरले, आणि दूध कमी होण्यात व वेदनाशामकांची गरज भासण्यात दोन्ही जवळपास सारखे ठरले. उलट, छाती फडक्याने करकचून बांधण्याची जुनी रीत मात्र २००३ सालच्या एका तुलनेत अधिक वेदनादायक निघाली. परंपरेतले सगळे खरे किंवा सगळे खोटे असे धरून चालत नाही. प्रत्येक गोष्ट तपासावी लागते, आणि तपासायला प्रयोगशाळाच लागते असेही नाही.

तुंबलेल्या दुधाचा उपयोग

दूध अचानक थांबविण्याचा सर्वांत दुःखद प्रसंग म्हणजे मूल जाणे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या पुढे डॉक्टर झाल्या, हे आपण मुलांना सांगतो. पण चौदा वर्षांच्या त्या मुलीच्या शरीराला बाळ गेल्याचे कोणी कळवले नव्हते. दूध बनवणाऱ्या पेशींना फक्त रिकामे होणे आणि भरणे एवढेच कळते.

मुंबईत धारावीच्या कडेला असलेल्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यातून दूध मिळाले, हा तिचा मुख्य हेतू. पण ज्या आईचे बाळ पिऊ शकत नाही, तिची तुंबलेली छाती हलकी करण्याचा मार्गही त्यातून खुला झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी जाळे उभे राहिले, आणि १९९२ साली बाळाच्या डब्यातील दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा संसदेने केला.

कायदा कुठपर्यंत पोहोचला?

१९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजण्याची सुट्टी दिली. शेळीच्या प्रयोगांच्या भाषेत सांगायचे, तर कायद्याने पहिल्यांदाच ‘धारेतले अंतर’ मोजले. २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची अट आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत. एसटीच्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ दिसतात, तेही याच प्रवासातले. हिरकणीची गोष्ट आपण तिच्या धाडसासाठी सांगतो. संध्याकाळी गडाचे दार बंद झाले तेव्हा तिची छातीही भरून आली असणार, हे सांगायला हरकत नाही.

पण कागदावरचा कायदा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माधवनगरच्या जवळच सांगलीचा साखर कारखाना आहे. या जिल्ह्यातील कारखान्यांच्या ऊसतोडणीसाठी बीडकडून, आणि जिल्ह्यातल्याच जत भागातून, टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मजुरी टनावर, एक दिवस चुकला तर ‘खाडा’ कापला जातो. पहाटे फडात उतरलेल्या बाईला पाजायची सुट्टी कोण देणार? झोळीतले बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे असते. १९२२ सालच्या चाळीतली बहीण आणि आजच्या फडातली बहीण यांत फारसे अंतर नाही, आणि दोघींचीही शाळा बुडते.

हे शिक्षकांच्याच एका पिढीने ओळखले होते. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण धाकटे भावंड कडेवर असलेली मुलगी शाळेत यायची, तर भावंडालाही जागा हवी. तिथे विचार मुलीच्या शिक्षणाचा होता. पण बाळ आईच्या कामाच्या जवळ, कोणाच्या तरी जबाबदारीवर असले, की आईलाही मधून पाजता येते. साखरशाळा किंवा वस्तीशाळा चालवणाऱ्यांनी हा धागा पुढे नेण्यासारखा आहे.

वर्गात आणि घरी

शिक्षिका, अंगणवाडी सेविका, विद्यार्थ्यांच्या आया या सगळ्यांना कधी ना कधी दूध थांबवावे लागते. त्यासाठी आजच्या ज्ञानातून निघणारे नियम थोडेच आहेत. शक्य असेल तर एका वेळचे पाजणे कमी करावे, चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, मग दुसरे कमी करावे. मधे छाती भरून आली तर आराम पडेल इतकेच दूध हाताने काढावे. पूर्ण रिकामी केली तर शरीर आणखी बनवते. थंड पट्ट्या ठेवाव्यात, करकचून बांधू नये. ताप, लाली, वाढती गाठ दिसली तर डॉक्टरांकडे जावे. आणि स्तनदाह झाला म्हणून पाजणे एकदम बंद करू नये, त्याने तो वाढतो.

प्रतिसंभरणाचा धडा घेताना मुलांना एक काम देता येईल. घरी किंवा शेजारी विचारून या, म्हैस कशी आटवतात. दिवसाला किती धारा, कोणत्या दिवशी किती दूध, याचा तक्ता करा. त्या तक्त्याचा आलेख फळ्यावर काढला, तर पीकर यांच्या शेळ्यांचे तत्त्व मुलांना आपल्या गोठ्यातच दिसेल. मग सावकाश विचारावे, की हाच नियम माणसांना लागू असेल का? वर्गातील पुष्कळ मुलींच्या घरी या वर्षी कोणाची तरी आई, वहिनी, मावशी दूध तोडत असेल. त्या मुलीने घरी जाऊन ‘एकदम नको, हळूहळू आटवा’ एवढे सांगितले, तरी तो तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.